अध्यक्षा श्रीमती विधाते यांनी समाधान व्यक्त केले

जिथे तक्रार नाही तिथे अन्याय नाही, हे तत्त्व जगातल्या सर्व सुव्यवस्थित संस्थांनी मान्य केलेलं आहे. ज्या संस्थेत तक्रारी होतात तिथे अन्याय होत असलाच पाहिजे, नाहीतर तक्रारी कशाला झाल्या असत्या? आणि तक्रारी थांबवल्या की अन्याय थांबतो, हे त्यातून आपोआपच सिद्ध होतं. (थर्मामीटर फोडला की ताप उतरतो, हा तर घराघरातला अनुभव आहे.)

या तत्त्वाचं अत्यंत निष्ठेने पालन करणारी संस्था म्हणजे मणिमाला ॲग्रो एक्स्पोर्ट्स. आडगाव ओलांडल्यावर आणि पिंपळगाव बसवंत यायच्या आत, महामार्गाला लागूनच हे द्राक्षांचं पॅकहाउस आहे. हंगामात इथे दोनशे चौदा बायका घड निवडतात, खराब मणी कात्रीने काढतात आणि डबे भरतात. एकोणीस पुरुष त्यांच्यावर देखरेख करतात. (असं काही धोरण नव्हतं. होत गेलं.) कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून जो कायदा आहे, त्याप्रमाणे दहा माणसं कामाला असली की अंतर्गत समिती नेमावी लागते. मणिमालेत ती नेमलेली होती. तिची नऊ वर्षांची कामगिरी अशी:

झालेल्या सभा : छत्तीस.
आलेल्या तक्रारी : निरंक.
चहापान झाल्याची नोंद : छत्तीस.
समाधान व्यक्त केल्याची नोंद : छत्तीस.

समितीची माहिती देणारा फलक ठळक जागी लावावा, असंही कायदा सांगतो. मणिमालेतली सर्वांत ठळक जागा म्हणजे मालकांची, अर्थात साहेबांची, केबिन. फलक तिथे लावला होता. त्या केबिनमध्ये बायकांना जायला मनाई असल्यामुळे त्याला कुणाचा हात लागला नाही, आणि तो आजही नवाकोरा आहे.

मनीषा विधाते याच पॅकहाउसमध्ये गुणवत्ता तपासनीस होती. वय त्रेचाळीस, घर मखमलाबादला, घरचा भाजीपाल्याचा मळा. तिच्या हातात एक पत्र्याची कडी असायची. त्या कडीतून द्राक्षाचा मणी खाली निसटला की तो परदेशी जायला नालायक ठरायचा. अकरा वर्षांत तिने एकही लहान मणी पुढे जाऊ दिला नव्हता, आणि अकरा वर्षांत ती कुणाला उलट बोलली नव्हती. दोन्ही गोष्टींबद्दल तिचं कौतुक व्हायचं, पण दुसऱ्या गोष्टीबद्दल जरा जास्त.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मनुष्यबळ अधिकारी दिवाकर क्षेमकल्याणी तिच्या टेबलापाशी आले. दिवाकर पंचवटीतले. घरात पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंची कार्यं सांगण्याची परंपरा. ते स्वतः नोकरीत पडले, पण विधी यथासांग झाला की फळ मिळतंच, ही श्रद्धा त्यांनी नोकरीतही सोडली नव्हती.

"मॅडम," ते म्हणाले, "परदेशी गिऱ्हाइकाकडून दहा दिवसांनी तपासणी आहे. तपासनीस बाई तुम्हालाही भेटतील. तुम्ही अंतर्गत समितीच्या अध्यक्षा आहात ना."

"मी?"

"सहा वर्षं झाली की."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"गोपनीयता, मॅडम," दिवाकर आवाज खाली आणून म्हणाले. "कायद्यातच आहे. कलम सोळा."

त्यांनी इतिवृत्ताची वही तिच्यासमोर ठेवली. वाचून ठेवा म्हणाले, म्हणजे तुम्ही काय काय केलंत ते तुम्हाला माहीत असेल. मनीषाने पानं उलटली. चोवीस सभा, चोवीस सह्या.

"ही माझी सही नाही, सर."

"तुमची सही दर वेळी वेगळी येते, मॅडम. या बघा, चोवीसच्या चोवीस एकसारख्या."

"आणि या तारखेला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. मी टेबलावर होते."

"म्हणूनच ती सभा दहा मिनिटांत आटोपली," दिवाकर म्हणाले.

समितीत आणखी तीन सदस्य होते. बाहेरच्या सदस्या म्हणून निवृत्त शिक्षिका इंदिराबाई होत्या. त्यांचं तीन वर्षांपूर्वी निधन झालं, पण त्यानंतरही त्यांनी एकही सभा चुकवली नव्हती. (हयात सदस्यांनी आदर्श घ्यावा.) दुसरी सदस्य हिशेब विभागातली निकिता. ती लग्न होऊन मालेगावला गेली त्याला दोन वर्षं झाली होती, तरी ठरावांना अनुमोदन तीच द्यायची. तिसरे सदस्य धवल सर. हे शीतगृहाचे प्रमुख, साहेबांचे भाचे आणि कागदोपत्री भागीदार. पुरुषांची बाजू मांडायला कुणीतरी हवं, म्हणून त्यांना घेतलं होतं.

रविवारी मनीषाने वही घरी ओट्यावर बसून वाचली. नवरा, गोटीराम, शेजारी मेथीच्या जुड्या बांधत होता. एका पानाशी ती थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. "'अध्यक्षा श्रीमती विधाते यांनी आवाहन केले की, महिलांनी कोणाचीही भीड न बाळगता पुढे यावे. मी आपल्या पाठीशी उभी आहे.'"

गोटीरामच्या हातातली जुडी तशीच राहिली. "तू बोललीस हे?"

"वहीत तर तसंच आहे."

"झ्याक बोललीस," तो म्हणाला आणि पुन्हा जुडी बांधायला लागला.

मनीषाला गंमत वाटायला हवी होती, पण वाटला हेवा. कुणीतरी बाई सहा वर्षं तिचं नाव लावून वावरत होती, आणि ती बाई कुणालाच घाबरत नव्हती. तिला चार ओळी नीट बोलता येत होत्या. मनीषाने तोच परिच्छेद आणखी दोनदा वाचला, मनातल्या मनात.

सोमवारी दिवाकरांनी बायकांना रांगेत उभं करून तपासणीची तालीम घेतली. प्रश्न: इथे काही त्रास आहे का? उत्तर: नाही, मॅडम. (मॅडमऐवजी सर आल्यास: नाही, सर.) एकसष्ट बायकांनी हे उत्तर बिनचूक दिलं. बासष्टावी होती रूपाली. सव्वीस वर्षांची, पिंपळगावकडच्या एका वस्तीवरून रोज टेम्पोने येणारी.

"इथे काही त्रास आहे का?"

"हाय."

"नाही म्हणायचं, रूपाली."

"पण हाय ना, सर."

"असेल. पण उत्तर 'नाही' आहे."

"मंग इचारता कशाला?" रूपाली म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "धवल सर पेट्या मोजायला एकटीला शीतगृहात बोलावत्यात. पेट्या आधीच मोजलेल्या आसत्यात. आत गेलं की दार लावून घेत्यात. मागल्या गुरुवारी मी हात झटकून भाईर पळाले. तवापासून मला उन्हात क्रेट धुवायला बसवलंय. माझ्या आधी दोघी काम सोडून गेल्या, त्या काय उगं गेल्या का?"

शेडमधल्या कात्र्या थांबल्या. दोनशे बायकांच्या कात्र्या एकदम थांबल्या की काय शांतता होते, ते मणिमालेत त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

दिवाकरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांची नजर कडी हातात धरून उभ्या असलेल्या मनीषावर आली. "मॅडम," ते घाईने म्हणाले, "तुम्ही समाधान व्यक्त करा."

"मला नाही वाटत समाधान," ती म्हणाली. पुढे काय बोलावं ते सुचेना. मग वहीतलंच वाक्य तोंडात आलं. "मी आपल्या पाठीशी उभी आहे."

वाक्य जरा मोठ्या मापाचं होतं, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं. पण रूपालीने ते ऐकलं, आणि पहिल्यांदाच ती रडली.

इथून पुढे मणिमालेच्या यंत्रणेने जी तत्परता दाखवली ती कोणत्याही संस्थेला भूषणावह ठरावी. पहिली अडचण नोंदीची. तक्रार नोंदवहीत 'निरंक' हा शब्द पुढच्या सहा वर्षांसाठी आगाऊ छापून घेतलेला होता, त्यामुळे लिहायला जागाच नव्हती. म्हणून रूपालीची तक्रार 'सूचना' या सदरात घेतली गेली. सूचना शीतगृहाच्या दाराबद्दल असल्याने ती दुरुस्ती विभागाकडे गेली. दुरुस्ती विभागाने दुसऱ्याच दिवशी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आता ते दार अजिबात आवाज न करता बंद होऊ लागलं. कागदावर शेरा पडला : 'कार्यवाही पूर्ण.'

मनीषाने समितीची सभा बोलावली. खरीखुरी अशी ही पहिलीच. सभेला दोन सदस्य हजर होते, ती आणि धवल सर. धवल सरांनी बिस्किटांची बशी जवळ ओढली. सदस्य या नात्याने त्यांनी घडल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, आणि आरोपी या नात्याने तो प्रकार घडलाच नसल्याचं सांगितलं. चौकशी करावी, या मनीषाच्या प्रस्तावावर मतदानात एक विरुद्ध एक अशी बरोबरी झाली. निकिताला फोन लावला तर तिने आपण कुठल्या समितीत आहोत हेच विचारलं. इंदिराबाईंचं मत दिवाकरांनी नेहमीप्रमाणे 'समाधान' असं नोंदवलं, आणि प्रस्ताव दिवंगत मताने फेटाळला गेला.

बाहेर पडताना धवल सर मनीषाला म्हणाले, "विधातेबाई, तुम्ही द्राक्षं मोजा. माणसं मोजायला आम्ही आहोत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब प्रेमाने बोलले. मणिमालेत धमकी ही नेहमी प्रेमानेच दिली जाते. "विधातेताई, तुम्ही आमच्या घरातल्या. घरातलं घरात राहू द्या. लेकीचं इंजिनिअरिंग चालू आहे ना? चालू राहायला पाहिजे. आम्ही पुढच्या हंगामाची यादी करतोय, कुणाला बोलवायचं, कुणाला नाही."

मनीषा मान खाली घालून उभी होती. नोकरी गेली तर मेथीच्या जुड्यांवर लेकीची फी निघणार नव्हती, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने मान वर केली तेव्हा समोर फलक दिसला. त्यावर तिचं नाव होतं. तिचा फोटोसुद्धा होता, आधारकार्डावरचा, त्यात ती स्वतःच एखाद्या तक्रारीतली आरोपी दिसत होती. सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : तक्रार मालकाविरुद्ध असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येईल.

"भागीदार म्हणजे मालकच ना, साहेब?" तिने विचारलं.

"अर्थात," साहेब म्हणाले. "धवल घरचाच आहे."

"बरं," मनीषा म्हणाली. (नऊ वर्षांत तो फलक शेवटपर्यंत वाचणारी ती पहिली कर्मचारी.)

त्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, रूपालीला स्कूटरवर मागे बसवलं आणि नाशिक गाठलं. द्वारकेच्या सिग्नलला रूपाली मागून म्हणाली, "मॅडम, तुमचं काम गेलं तर?"

"तर तुझ्याबरोबर क्रेट धुवेन."

"तितं बी सावली नाय," रूपाली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

स्थानिक समितीकडच्या बाईंनी अर्ज वाचला, सहा प्रती मोजून घेतल्या आणि शिक्का मारून पोच दिली. (इथे विनोदी असं काहीच घडलं नाही. वाचकांची गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत.)

तपासणीच्या दिवशी मुंबईहून तपासनीस बाई आल्या. दिवाकरांनी त्यांच्यापुढे नऊ वर्षांचे निरंक मांडले, जसे एखादा घरातली चांदीची भांडी मांडतो. बाईंनी चष्मा काढला.

"दोनशे बायका, नऊ वर्षं, आणि शून्य तक्रारी?"

"एकही नाही," दिवाकर अभिमानाने म्हणाले.

"मग तुमची यंत्रणा मेलेली आहे. तुम्हाला 'क' दर्जा."

'क' दर्जा म्हणजे माल परदेशी जाणार नाही. तेवढ्यात मनीषाने पिशवीतून शिक्का मारलेली पोच काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती दोनदा वाचली. "म्हणजे एक तरी बाई बोलू शकते," त्या म्हणाल्या आणि 'क' खोडून 'ब' लिहिला.

साहेबांना त्या क्षणी जे ज्ञान झालं, ते लोकांना तपश्चर्येनेही होत नाही. तक्रार ही बदनामी नसून पात्रता आहे! त्यांनी रूपालीला केबिनमध्ये बोलावून शाल दिली. तिच्या अर्जाची प्रत चौकटीत बसवून भिंतीवर लावायची असा त्यांचा विचार होता. दिवाकरांनी कलम सोळाची आठवण करून दिल्यावर नुसती रिकामी चौकट लावली गेली.

स्थानिक समितीची चौकशी पंच्याऐंशी दिवस चालली. आधी काम सोडून गेलेल्या दोघींना मनीषाने शोधून काढलं. एक इगतपुरीला सापडली, एक सिन्नरला. दोघींनी जबाब दिले. धवल सर दोषी ठरले. त्यांना शीतगृहातून काढावं, त्यांनी लेखी माफी मागावी, रूपालीला कामावर ठेवावं आणि समिती हयात माणसांची नेमावी, असा निर्णय झाला. मणिमालेने तो अक्षरशः पाळला. धवल सर शीतगृहातून निघून घरबसल्या 'निर्यात सल्लागार' झाले. माफीनाम्यात त्यांनी लिहिलं की, माझ्या मोकळ्या स्वभावामुळे कुणाचा गैरसमज झाला असल्यास मी तो मोठ्या मनाने विसरायला तयार आहे.

रूपालीने तो मनीषाकडून दोनदा वाचून घेतला. "मॅडम, ह्यो माफी मागतोय का देतोय?"

"काय माहीत. पण सही खरी आहे."

रूपालीने कागदाची घडी घालून कमरेला खोचली आणि कामाला लागली. पुढच्या हंगामापासून ती मनीषाशेजारी कडी घेऊन उभी राहू लागली. जेवणाच्या सुट्टीत बायका आता तिच्याभोवती बसायच्या आणि हळूच काहीबाही विचारायच्या. मनीषाला रात्रंदिवस वाटणारी धास्ती गेली नाही. यादीत तिचं नाव होतं, पण ते कधीही जाऊ शकतं हे तिला ठाऊक होतं. फक्त त्या धास्तीची आता सवय झाली होती, जशी पायाला नव्या चपलेची होते.

व्यवस्थापनाने मात्र 'अ' दर्जाचा ध्यास घेतला. वर्षाला बारा तक्रारींचं उद्दिष्ट ठरलं. दर विभागाने किमान दोन द्याव्यात, असं परिपत्रक निघालं. उत्कृष्ट तक्रारदार महिलेला पैठणी जाहीर झाली. फेब्रुवारीच्या आतच बारा तक्रारी जमा झाल्या : चहात साखर कमी (पाच), पंखा फिरत नाही (तीन), कात्री बोथट (तीन), आणि एक दिवाकरांनी स्वतःच, बायकांच्या वतीने, स्वतःविरुद्ध केली. ती त्यांनी स्वतःला समज देऊन निकाली काढली.

आणि मग झाडलोट करणारी सखुबाई अर्ज मागायला आली. वय अठ्ठावन्न, राहायला पंचवटीत.

"सखुबाई, बारा झाल्या," दिवाकर म्हणाले. "कोटा पूर्ण आहे. पुढच्या हंगामात पहिला नंबर तुमचा लावतो."

सखुबाई हातातला झाडू भिंतीला टेकवून मनीषाकडे गेली. "आवो मॅडम, रूपालीला जितं नेलं तितं मला नेता का? हितं नाय बोलायचं मला."

मनीषाने काही विचारलं नाही. रजेचा अर्ज टाकला, स्कूटर काढली. तिकडे त्याच बाई होत्या. त्यांनी कागद पुढे ओढला.

"कामाचं ठिकाण?"

"मणिमाला ॲग्रो," मनीषाने सांगायला सुरुवात केली.

"तितलं नाय," सखुबाई म्हणाली. "सकाळी मी एका घरी भांडी घासते. त्या घरातलं हाय."

मनीषाने दचकून तिच्याकडे पाहिलं. "घराचं चालतं का?" तिने बाईंना विचारलं.

"चालतं. कायद्याने घरही कामाचं ठिकाण आहे," बाई म्हणाल्या. "कुणाविरुद्ध तक्रार आहे, आजी? नाव?"

"नाव नाय ठावं. साहेबच म्हनते मी."

"काय करतात ते?"

"शिकलेले हायत. चांगले हायत तसे, लोक मान देत्यात. घरात पुस्तकंच पुस्तकं. सकाळच्या पारी खुर्चीत बसून गोष्टी वाचत्यात आन् मोठ्यानं हसत्यात. बायांवर अन्याव झाल्याची गोष्ट आसली की बाईसाहेबांना बी वाचून दावत्यात. म्हनत्यात, लय छान लिवलंय."

"तुम्ही बाईसाहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. त्या म्हनल्या, तुझा कायतरी गैरसमज झाला आसंल." सखुबाईने पदराने तोंड पुसलं. "मंग त्या बी वाचाया बसल्या."

बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि पेन टोपणात घातलं. "आजी, नाव आणि पत्ता नसेल तर नोटीस कुणाला काढू?"

"घर दावते की. दारावर पाटी बी हाय, पितळंची, चकचकीत. रोज मीच घासते. पर मला वाचता येत नाय."

मनीषा उठली. "मी वाचून येते," ती म्हणाली.

स्कूटर आता निघाली आहे. सखुबाई मागे बसून डावीकडे, उजवीकडे सांगते आहे. पाटीवर काय लिहिलंय ते मनीषाला अजून माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. पाटी तुम्हीच करून घेतली होती.